उसाचे बिल वर्षाने, बँकेचे शुल्क महिन्याने

पुण्याहून महामार्गाने कोल्हापुरात शिरताना पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे पुलाची शिरोली हे गाव लागते. गावालगत औद्योगिक वसाहत आहे. तेथे फौंड्रीच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात आणि वसाहतीची हद्द संपली की उसाची शेते सुरू होतात. शिरोली, नागाव, टोप, हालोंडी, शिये या गावांतील पुष्कळ कुटुंबांचे आयुष्य या दोहोंवर चालते. थोरला भाऊ शेत पाहतो, धाकटा पाळीला फौंड्रीत जातो. किंवा एकच मनुष्य सकाळी उसाला पाणी पाजून दुपारी साच्यावर उभा राहतो.

अशा घरात पैसा दोन वाटांनी येतो. पगार महिन्याने येतो आणि उसाचे बिल वर्षाने, कधी त्याहूनही उशिरा येते. बँकेचा हिशेब मात्र एकाच गतीने चालतो. किमान शिल्लक महिन्याने किंवा तिमाहीने तपासली जाते, हप्ता ठरलेल्या तारखेला वसूल होतो, व्याज ठरलेल्या दिवशी पडते. नोकरी सुटली, पूर आला किंवा बिल लांबले, की या दोन गतींचा मेळ तुटतो. आणि ज्याच्या खात्यात सर्वांत कमी पैसे असतात त्याच्याच खात्यातून शुल्क कापले जाते.

बियाणे, खत, पाणी आणि कीड यांविषयी आपण नेहमी बोलतो. पासबुकाविषयी मात्र क्वचितच बोलतो. वास्तविक उत्पादन खर्चात व्याज व शुल्क यांचाही वाटा असतो आणि तो कमी करणे पुष्कळसे आपल्या हाती असते. त्याचीच माहिती या लेखात दिली आहे.

एका पासबुकाची हकीकत

ऊस पीक पाहणीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक या भागातील एका शेतकऱ्याच्या घरी गेला होता. गृहस्थांची पावणेदोन एकर जमीन. सर्व आडसाली उसाखाली. सात वर्षे ते वसाहतीतील एका कारखान्यात कामाला होते. पाठीचे दुखणे बळावल्याने काम सोडावे लागले. बोलता बोलता ते म्हणाले, “साहेब, पीएम किसानचे दोन हजार आले म्हणून मेसेज आला. काढायला गेलो तर बाराशे तेहेतीसच. बाकीचे गेले कुठे?”

पासबुक उघडून पाहिले. नोंदी येणेप्रमाणे होत्या: हप्ता परत गेल्याबद्दल २५० रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ४५ रुपये, एकूण २९५ रुपये, तीच नोंद पुढील महिन्यात पुन्हा, २९५ रुपये, किमान शिल्लक नसल्याबद्दल १५० रुपये व कर २७ रुपये, एकूण १७७ रुपये. तिन्ही मिळून ७६७ रुपये. खाते रिकामे असल्यामुळे या रकमा येणे राहिल्या होत्या. अनुदान जमा होताच त्या वळत्या झाल्या.

कारण शोधता दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, हे खाते मुळात पगाराचे होते. पगाराच्या खात्याला किमान शिलकीची अट सहसा नसते. परंतु पगार येणे थांबले की काही काळाने बँक ते साध्या बचत खात्यात बदलते व साध्या खात्याची अट लागू होते. दुसरी गोष्ट, मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेस याच खात्यातून वसूल करण्याचा आदेश त्यांनी पूर्वी सही करून दिला होता. पगार थांबला, आदेश तसाच राहिला. दर पाच तारखेला मागणी येई, शिल्लक नसल्याने ती परत जाई. बँक एक शुल्क आकारी आणि कर्ज देणारी कंपनी आपले दुसरे शुल्क लावी. हप्ता तर भरला जातच नव्हता.

या गृहस्थांनी काही गैर केले नव्हते. कोणी सांगितले नाही म्हणून त्यांना कळले नाही, इतकेच. आपल्या गावात अशी पासबुके शोधली तर ती एकदोनच निघतील असे समजण्याचे कारण नाही.

शिल्लक नसताना पैसा उचलणे

ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात शिल्लक नसताना ठरलेल्या मर्यादेपर्यंत रक्कम उचलण्याची सोय. हा शब्द शहरी व्यापाऱ्याचा वाटतो, परंतु आपल्या ओळखीची तीन खाती याच जातीची आहेत.

पहिले, किसान क्रेडिट कार्डाचे खाते. १९९८ साली ही योजना सुरू झाली. यात पीक कर्जाची मर्यादा ठरते. लागेल तेव्हा उचल करावी, पैसा आला की भरावा, आणि जितके दिवस जितकी रक्कम वापरली तितकेच व्याज द्यावे.

दुसरे, जनधन खाते. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या या योजनेत खाते समाधानकारक चालविणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. २०१८ पर्यंत ही मर्यादा ५,००० रुपये होती. त्यापैकी २,००० रुपयांपर्यंतची रक्कम विशेष अटींविना मिळते. ही सोय एका कुटुंबात एकालाच, शक्यतो घरातील स्त्रीला, दिली जाते. आजारपणात सावकाराकडे धाव घेण्यापूर्वी ती आठवावी.

तिसरे, छोट्या कारखानदाराचे कॅश क्रेडिट खाते. शिरोलीच्या वसाहतीतील लहान फौंड्री व मशीन शॉप याच खात्यावर कच्चा माल घेतात. मोठ्या गिऱ्हाइकाचे बिल थकले की हे खाते मर्यादेबाहेर जाते, दंड लागतो आणि कामगाराचा पगार लांबतो. पगार लांबला की कामगाराचा हप्ता परत जातो. म्हणजे एका खात्याची ओढाताण दुसऱ्या घरापर्यंत पोहोचते.

नियमांत काय बदलले

दंडावर व्याज चढू नये ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये हा ‘दामदुपटी’चा नियम जुना आहे. रिझर्व्ह बँकेनेही अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांच्या अल्पमुदत कर्जावर लावलेले एकूण व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, असे बँकांना बजावले आहे. अलीकडच्या काळात झालेले पुढील बदल प्रत्येक खातेदाराने जाणून घ्यावेत.

किमान शिल्लक : १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, शिल्लक कमी पडल्यास बँकेने प्रथम खातेदारास कळविले पाहिजे व ती भरून काढण्यास किमान एक महिन्याची मुदत दिली पाहिजे. शुल्क जितकी तूट असेल त्या प्रमाणात असावे, सरसकट नव्हे. केवळ या शुल्कामुळे खाते उणे होता कामा नये. दोन वर्षे व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर तर हे शुल्क लावताच येत नाही आणि असे खाते पुन्हा सुरू करण्यासही शुल्क नाही. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून अमलात आहे.

किती बँकांनी शुल्क सोडले : भारतीय स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये किमान शिलकीचे शुल्क पुन्हा सुरू केले होते, मार्च २०२० मध्ये ते सर्व बचत खात्यांवरून काढले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा व इंडियन बँक यांनीही साध्या बचत खात्यांवरील दंड रद्द केला. त्यापूर्वी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या एका बाबीपोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केल्याचे जुलै २०२४ मध्ये लोकसभेत सांगण्यात आले होते. सर्व बँका मात्र एका मार्गाने जात नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतील नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५०,००० रुपये ठरविली व टीका झाल्यावर ती १५,००० वर आणली. यास्तव ‘आता कोठेच शुल्क नाही’ असे गृहीत धरू नये. आपल्या शाखेत विचारावे.

कर्जावरील दंड : रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेले परिपत्रक नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. पूर्वी हप्ता चुकला की व्याजाच्या दरातच दोन-तीन टक्के भर घालीत. ती रक्कम मुद्दलात मिळे व तिच्यावरही व्याज चढे. आता तसे करता येत नाही. दंड हा स्वतंत्र ‘दंड-शुल्क’ म्हणूनच लावावा लागतो, त्यावर पुढे व्याज लावता येत नाही आणि तो किती आहे हे करारपत्रात स्पष्ट लिहावे लागते. उदाहरणार्थ, ५०,००० रुपये थकले व दंड वार्षिक दोन टक्के असेल, तर वर्षाचा दंड १,००० रुपये. तो हजारच राहील, त्याला पिले फुटणार नाहीत. थकलेल्या मूळ रकमेवरील नेहमीचे व्याज मात्र चालूच राहते, हे विसरू नये.

पीक कर्जावरील किरकोळ आकार : तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जावर प्रक्रिया, कागदपत्रे, तपासणी व खातेवही यांचे शुल्क घेऊ नये, असे भारतीय बँक संघाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना कळविले आहे. पासबुकात असा आकार दिसल्यास त्याविषयी अवश्य विचारणा करावी.

परदेशातील एक अनुभव येथे उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवरील ठोक शुल्कांना बंदी झाली व फक्त वार्षिक व्याज आकारण्याची मुभा राहिली. गरीब खातेदाराचा ठोक दंड वाचला. परंतु अनेक बँकांनी व्याजाचा दर चाळीस टक्क्यांच्या घरात नेला. तात्पर्य, एक शुल्क गेले म्हणून निर्धास्त राहू नये. वर्षअखेर एकूण किती रुपये गेले हेच पाहावे.

मोठे नुकसान कोठे होते

पासबुकातील १७७ रुपये डोळ्यांत भरतात. परंतु ऊस उत्पादकाचे खरे नुकसान दुसऱ्याच ठिकाणी होते आणि ते कोणत्याही ओळीत ‘शुल्क’ म्हणून लिहिलेले नसते.

केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेत तीन लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज सात टक्के दराने मिळते. मुदतीत परतफेड केल्यास आणखी तीन टक्के सूट मिळून दर चार टक्क्यांवर येतो. २०२५-२६ सालीही हीच पद्धत चालू ठेवण्यात आली. राज्य शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड मिळाली की वेळेवर फेडणाऱ्यास हे कर्ज जवळजवळ बिनव्याजी पडते. दोन लाख रुपये वर्षभर वापरले असे धरू. वेळेवर फेड केल्यास केंद्राच्या सवलतीनंतर व्याज ८,००० रुपये. मुदत चुकल्यास १४,००० रुपये. राज्याची सवलतही गेली ती निराळीच. मुदत उलटल्यानंतरच्या काळासाठी तर बँकेचा नेहमीचा दर लागतो. थोडक्यात, काही दिवसांच्या उशिराची किंमत निदान सहा हजार रुपये होते.

येथेच उसाची विशेष अडचण आहे. व्याज सवलत उचल केल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष मिळते. आडसाली ऊस मात्र जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. म्हणजे पीक शेतात उभे असतानाच कर्जाची मुदत येते. ज्याची सर्व जमीन आडसालीखाली, त्याच्या हाती त्या वेळी पैसा नसतो. मग कर्ज ‘नवे-जुने’ करण्यासाठी आठ-पंधरा दिवसांकरिता खासगी उसनवार होते. तिचे व्याज कोणत्याही पासबुकात दिसत नाही, परंतु सर्वांत कडू तेच असते.

पूर आला तर ही अडचण दुप्पट होते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले. नदीकाठचा ऊस बुडाला आणि वसाहतीतील कामेही अडली. ज्या घराचे दोन आधार होते त्या घराचे दोन्ही आधार एकाच आठवड्यात डळमळले. अशा वेळी पीक कर्जाची पुनर्रचना करण्याची तरतूद असते. पंचनामा वेळेवर करून घ्यावा व सोसायटीकडे किंवा शाखेकडे लेखी मागणी नोंदवावी.

कारखान्याकडून बिल लांबल्यास काय? ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये ऊस पुरविल्यापासून चौदा दिवसांत रक्कम देण्याची व उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याजाची तरतूद आहे. शेतकऱ्याने ऊसतोडीच्या पावत्या व वजनकाट्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या, तरच असा हक्क मागता येतो.

पीक व पैसा यांचे एकच वेळापत्रक

या अडचणीवरचा पहिला उपाय शेतातच आहे. सर्व क्षेत्र एकाच हंगामात लावू नये. काही भाग आडसाली, काही सुरू व काही खोडवा असा ठेवल्यास प्रत्येक गळीत हंगामात थोडा तरी ऊस तुटतो व दरवर्षी बिल हाती येते. लावणीच्या उसात भुईमूग, सोयाबीन किंवा भाजीपाला यांचे आंतरपीक घेतल्यास ऊस उभा असतानाच काही रोकड मिळते. बिल येताच पुढील ‘नवे-जुने’ करण्यासाठी लागणारा काही भाग त्याच दिवशी बाजूला ठेवावा. लग्नकार्य व घरदुरुस्ती त्यानंतर.

दुसरा उपाय बँकेत आहे. पुढील गोष्टी प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी कराव्यात.

१. घरातील सर्व पासबुके एकत्र काढून पाहावीत. न लागणारी खाती लेखी अर्ज देऊन बंद करावीत. नुसते व्यवहार थांबविल्याने खाते बंद होत नाही.

२. नोकरी सुटली की पगाराच्या खात्याचे काय होणार हे शाखेत विचारावे. किमान शिलकीची अट नको असल्यास ते मूलभूत बचत खात्यात बदलून मागावे. २०१२ पासून प्रत्येक बँकेत असे खाते उपलब्ध आहे. त्यात महिन्यातून किमान चार वेळा विनामूल्य पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

३. हप्ते कोणत्या खात्यातून व कोणत्या तारखेस जातात त्याची यादी करावी. पगार दहा तारखेस येत असेल तर हप्ता पाच तारखेस ठेवू नये. तारीख किंवा खाते बदलण्याचा अर्ज कर्ज देणाऱ्या संस्थेकडे करावा.

४. हप्ता भरणे शक्य नसेल तर तारखेपूर्वीच जाऊन सांगावे. परत गेलेल्या प्रत्येक हप्त्याचे दोन दंड पडतात आणि त्याची नोंद पुढील कर्जाच्या आड येते.

५. अनुदाने ज्या खात्यात जमा होतात त्या खात्यावर हप्त्याचा आदेश ठेवू नये.

६. पीक कर्जाची शेवटची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

७. न समजणाऱ्या कपातीबद्दल शाखेकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास शुल्क नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना

कृषी सहायक, ग्रामसेवक व सोसायटीचे सचिव यांच्या भेटीगाठी शेतकऱ्यांशी नित्य होतात. कर्जाबद्दल मनुष्य चारचौघांत बोलत नाही. त्याला कमीपणा वाटतो. म्हणून सभेत ‘कोणाची थकबाकी आहे?’ असे कधीही विचारू नये. ‘पासबुक कसे वाचावे’ या विषयावर तासाभराची बैठक घ्यावी व नमुन्याचे पासबुक फळ्यावर मांडावे. आपल्या नोंदी लोक घरी जाऊन पाहतील आणि नंतर एकेकटे येऊन विचारतील. स्त्रियांची बैठक निराळी घ्यावी. अनेक घरांत जनधन व बचत गटाची खाती त्यांच्याच नावावर असतात. शाखाधिकाऱ्यांना वर्षातून एकदा गावात बोलवावे. बँकेतील मंडळी आपली वैरी नव्हेत; नियम त्यांच्याही डोक्यावर असतात. समोरासमोर बोलणे झाले की निम्मे प्रश्न तेथेच सुटतात.

ज्या गृहस्थांची हकीकत वर सांगितली त्यांनी शाखेत अर्ज दिला. किमान शिलकीबद्दल आगाऊ सूचना दिल्याची नोंद न सापडल्याने १७७ रुपये परत जमा झाले. परत गेलेल्या हप्त्यांचे ५९० रुपये मात्र गेले ते गेलेच; ते नियमाप्रमाणे होते. खाते मूलभूत बचत खात्यात बदलले. मोटारसायकलचा हप्ता पत्नीच्या शिवणकामाचे पैसे जमा होतात त्या खात्यावर व वीस तारखेस नेला. आणि यंदा त्यांनी पाऊण एकरात खोडवा राखला आहे. “पुढच्या साली जूनमध्ये कोणापुढे हात पसरायचा नाही,” असे ते म्हणाले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नियम आता पूर्वीपेक्षा आपल्या बाजूस झुकले आहेत. परंतु कागदावरचा नियम आपण होऊन घरी चालत येत नाही; त्याची मागणी करावी लागते. उसाच्या सरीत पाणी कोठे झिरपते हे आपण वाकून पाहतो. तसेच पासबुकातून पैसा कोठे झिरपतो हेही महिन्यातून एकदा पाहावे.